सेन्सरवाली गाडी

१४ ऑक्टोबर

आज मी स्वतःच विकलेला ट्रक परत विकत घ्यायला गेलो आणि तोंड पाडून घरी आलो.

दहा चाकी, २०१२ चा. लॉकडाऊनमध्ये तो दारात उभा राहून राहून त्याच्या बोनेटवर कोंबड्या बसायला लागल्या, तेव्हा मी तो बायकोच्या, सुभद्राच्या, धाकट्या भावाला, सेवकरामला, चार लाख दहा हजारात दिला. त्या दिवशी मला वाटलं होतं की साळ्याला चांगलं गंडवलं. आता धानाचा हंगाम तोंडावर आहे, फुलचूरचा प्लॉट विकल्याचे पैसे हातात आहेत आणि चार वर्षं शेतात बसून कंटाळा आलाय. म्हणून पुन्हा स्टेअरिंग धरायचं ठरवलं. परवा फोनवर सेवकराम म्हणाला होता की या, घरचाच ट्रक आहे, तुम्ही द्याल ते घेईन.

आज त्यानं चहा दिला, चिवडा दिला. चिवडा आमच्याच घरचा होता. सुभद्रा काल भावाकडे गेली तेव्हा डबा भरून घेऊन गेली होती. मग त्यानं भाव सांगितला, नऊ लाख.

मला वाटलं मी चार ऐकायच्या जागी नऊ ऐकलं. तो चिवड्याच्या प्लेटीकडे पाहत म्हणाला, "जुन्या गाड्यांले लई भाव आहे सध्या, भाऊजी. कम्प्युटर नाई ना त्यात."

घरी येऊन सुभद्राला सांगितलं. ती म्हणाली, नऊ म्हणजे फारच झाले, राहू द्या मग. तीस वर्षांत पहिल्यांदा ती भावाच्या विरोधात माझ्या बाजूनं बोलली. मला इतका आनंद झाला की तीनदा भात घेतला आणि ताटावरच डुलकी लागली.

१९ ऑक्टोबर

गोंदियात जुन्या ट्रकवाल्यांकडे फिरलो. २०१३ चा आठ लाख. २०११ चा सात. एकाचा दरवाजा उघडायला गेलो तर तो कडीसकट माझ्या हातात आला. मी तो दलालाच्या हातात दिला. दलाल म्हणाला, "काका, बिना सेन्सर का माल है, शाम तक नहीं रुकेगा." दरवाजा त्यानं भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढच्या ग्राहकाकडे गेला.

मी २००४ साली माझा पहिला ट्रक नवा कोरा ज्या भावात घेतला होता, त्या भावात आज त्याचा सांगाडा मिळत नाही. माणसाचं असं होत नाही. मी छप्पन्नचा आहे आणि माझा भाव दरवर्षी उतरतोच आहे.

ऊन फार. दिवसभरात सहा बाटल्या पाणी प्यालो, तरी घसा कोरडाच.

२ नोव्हेंबर, पाडवा

घेतला! २०२१ चा, सहा चाकी, रायपूरच्या एका कंपनीनं वापरलेला. अकरा लाख. नवी गाडी या भावात का सुटते असं मी विचारलं, तर विकणारा म्हणाला की सेन्सरला लोक घाबरतात. मी हसलो. सातवी पास माणूस, पण तीस वर्षं गाडी चालवली, इंजिन रस्त्यावर उघडून रस्त्यावरच बसवलं. सेन्सर माझं काय करणार?

डॅशबोर्डवर जत्रेइतके दिवे आहेत. समोर काचेपाशी एक छोटा कॅमेरा आहे, तो रस्त्याकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहतो. आधीच्या कंपनीनं बसवलेला. ड्रायव्हरचे डोळे मिटले किंवा मान खाली गेली की तो आधी टूं टूं करतो आणि मग एका बाईच्या आवाजात म्हणतो, "कृपया आराम करें."

सुभद्रानं ट्रक येईपर्यंत तोंड फुगवलं होतं. प्लॉट म्हातारपणासाठी होता, असं तिचं म्हणणं. पण पूजेला आली तेव्हा तिनं विकणाऱ्याला त्या कॅमेऱ्याबद्दल दोनदा विचारलं. हा खरंच सांगतो काय, रोज सांगतो काय, बंद करता येतो काय. येत नाही, असं तो म्हणाला. तेव्हा तिनं बोनेटला लावलं त्याहून मोठं कुंकू त्या कॅमेऱ्याला लावलं. बायकांना नवीन काही दिसलं की कुंकू लावायची घाई.

१२ नोव्हेंबर

खरेदी केंद्रावरून गोंदियाच्या राइस मिलला धान नेणं सुरू झालं. काम भरपूर आहे. गाडीबद्दल मात्र स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे कंपनीला कधी पत्र लिहायचं झालं तर सोपं जाईल.

एक. कॅमेरा खोटारडा आहे. तिरोड्यापासून गोंदियापर्यंत अकरा वेळा म्हणाला, आराम करें. मी झोपलो नव्हतो. मी विचार करत होतो.

दोन. ॲक्सिलरेटर म्हणजे बिजलीचं बटन आहे. पायाखाली काही लागतच नाही, उशीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं. जुन्या गाडीत पायाला इंजिनचा जीव कळायचा. काल डाव्या पायातली चप्पल कुठंतरी चहाच्या टपरीवर राहिली आणि मला मिलमध्ये उतरल्यावर कळलं. हमाल हसले. त्यांना काय माहीत, क्लच इतका मऊ आहे की चप्पल आहे की नाही ते समजत नाही.

तीन. मीटरवरची अक्षरं धुरकट. दुपारपर्यंत ठीक दिसतात, जेवणानंतर मिटून जातात. चायनाचा माल असेल.

चार. सीट फार मऊ असल्यामुळे की काय, दर अर्ध्या तासानं लघवीला उतरावं लागतं.

सुभद्रा रोज संध्याकाळी विचारते, आज किती वेळा बोलला? आधी मला वाटलं ती थट्टा करते. आज पाहिलं तर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं रेघा मारून ठेवते आहे. मी म्हटलं, काऊन? ती म्हणाली, असंच.

२१ नोव्हेंबर

आज मी माझ्या हातानं जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं तर गावभर सांगत फिरलो असतो.

या गाडीला डिझेलशिवाय धूर साफ करायला पातळ यूरिया लागतो. त्याची वेगळी टाकी, निळं झाकण. पेट्रोलपंपावर बादलीभर यूरियाचे हजार-बाराशे मागतात. माझ्या कोठ्यात धानाच्या खताचा यूरिया आहे, पंचेचाळीस किलोची बोरी सरकारी भावात मिळते. मी विचार केला, यूरिया तो यूरिया. बादलीत घोळला, सुभद्राच्या जुन्या लुगड्यातून गाळला आणि ओतला. गाळला, ही हुशारी मला विशेष वाटली होती. पंपवाल्याला कसं फसवलं ते सांगायला सेवकरामला फोनही केला.

मुंडीकोट्याच्या पुढं आधी पिवळा दिवा लागला, मग लाल. मग गाडीनं स्वतःच ठरवलं की आता वीसच्या वर जायचं नाही. मी दाबतो आहे, ती वीस. शिव्या दिल्या, वीस. सायकलवाले पुढे गेले. धानाचे भारे नेणारी बैलगाडी पुढे गेली, आणि गाडीवानानं मला हात करून जागा दिली म्हणून थँक्यू केलं.

२६ नोव्हेंबर

पाच दिवस वर्कशॉप. तिथं पाना घेतलेला माणूसच नाही. बूट घातलेला एक मुलगा आला, त्यानं गाडीला वायर लावली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि डॉक्टरसारखं हूं हूं केलं. मी बोनेट उघडून मदत करायला गेलो तर म्हणाला, काका, बाहर बैठिए.

मग टाकीतून पांढरे खडे काढून बोटावर घासले आणि विचारलं, किसने डाला. मी म्हटलं, पता नहीं. त्यानं वास घेतला. "खेत वाला है, काका."

मी वर्कशॉपच्या बाहेरच्या बाकावर बसलो आणि झोप लागली. उठवायला तोच आला. बिल अठ्ठेचाळीस हजार. त्या पैशात किती बोऱ्या यूरिया आला असता, हा हिशोब मी केला नाही.

५ डिसेंबर

कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली. डोळा झाकला तर बाई गप्प. बाजारातून घरी आल्यासारखी शांतता वाटली. आज पोचेपर्यंत एकदाही कोणी मला आराम करा म्हणालं नाही. सुभद्राला सांगितलं, शून्य. तिनं खडू हातात घेतला आणि परत खाली ठेवला. खूश झाली असणार.

मिलवर साकोलीचा एक ट्रकवाला भेटला. बोलता बोलता म्हणाला, सेवकरामनं त्याला माझा जुना ट्रक सहा लाखात देऊ केला होता. त्यालाच नको होता म्हणून राहिला. सहा! परक्याला सहा आणि सख्ख्या भाऊजीला नऊ. सोयरे असे असतात. मी घरी येऊन सुभद्राला सेवकरामबद्दल बरंच काही सुनावलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. भावाची लाज वाटली असेल.

२८ डिसेंबर

कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं, दुसरं. अंग कमी झालंय. मेहनतीचं काम सुरू केलं की असं होतं, शेतात बसून पोट सुटलं होतं. सुभद्रा मंजूशी फोनवर हळू आवाजात बोलत राहते. मंजू आमची मुलगी, फुलचूरला दिली आहे, एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. तिनं मला सांगितलं, बाबा, एक दिवस या, बोटातून थेंबभर रक्त घेते. मी म्हटलं हंगाम संपला की येतो. अख्खी गाडी सेन्सरची आहे, आता मलाही एक लावा.

११ जानेवारी

तीन दिवस पेन उचललं नाही. आता जसं झालं तसं लिहितो, यात स्वतःला चांगलं दाखवायला जागाही नाही.

आठ तारखेला देवरीच्या केंद्रावरून माल उचलायचा होता. सुभद्रा म्हणाली, मी पन येते, बहिणीला भेटते. ट्रकमध्ये ती कधी बसत नाही, तिला उलटी होते. तरी आली. बहिणीकडे ती जेमतेम तासभर बसली, मी माल भरून आलो, तिथंच जेवलो आणि दुपारी दोनला निघालो. निघताना तिनं कॅमेऱ्यावरची पट्टी पाहिली आणि नखानं सोलून काढली. बहिणीच्या दारात भांडण नको म्हणून मी गाडी सुरू केली.

पहिल्या पाच किलोमीटरमध्ये कॅमेरा दोनदा बोलला. मी म्हटलं, पाह्य, कशी बडबडते. सुभद्रा म्हणाली, गाडी थांबवा. मी म्हटलं, डोळे उघडेच आहेत ना माझे. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा ती म्हणाली, "मी तुमच्याकडेच पाहून राहिली जी. उघडे नव्हते."

त्याला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. पुढचं आठवतं ते एवढंच, की स्टेअरिंगवर चार हात आहेत आणि त्यातले दोन बांगड्यांचे.

गाडी रस्ता सोडून बांधीत, धानाच्या शेतात उतरली, धुऱ्याचा बांध तोडला, रचून ठेवलेल्या धानाच्या एका पुंजण्यात घुसली आणि तिरपी उभी राहिली. बोऱ्या फुटून धान धानावर सांडलं. सुभद्राच्या मनगटाचं हाड मोडलं. मला काही झालं नाही.

पुंजण्याच्या पलीकडे चार बाया सूप घेऊन धान पाखडत होत्या. मी उतरून पावलं मोजली. समोरच्या चाकापासून पहिल्या बाईपर्यंत नऊ पावलं. त्या उठल्याही नव्हत्या, सूप तसंच हातात धरून बसल्या होत्या. शेताचा मालक चैतराम धावत आला. तो मला मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं आधी बायांना एकेक करून विचारलं, मग सुभद्राला पाणी दिलं, मग मला विचारलं, "दारू पेले का जी?"

मी नाही म्हटलं. त्यानं जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाला, "मंग काऊन?"

मागून गाडीतली बाई अजून सांगत होती, आराम करें, आराम करें.

१४ जानेवारी

मंजूनं बोटातून रक्त घेतलं. मशीन पाहिली आणि दुसऱ्या बोटातून घेतलं. साखर ४१२. मी विचारलं, जास्त आहे काय. ती माझ्याशी न बोलता चप्पल घालून डॉक्टरला फोन करायला बाहेर गेली.

डॉक्टरनं सगळं विचारलं. पाणी किती, लघवी किती वेळा, अंधुक दिसतं काय, जेवणानंतर झोप येते काय, वजन उतरलं काय. प्रत्येक गोष्टीला मी हो म्हणत गेलो, आणि प्रत्येक वेळी मला मीटर, सीट, क्लच असं काहीतरी आठवत गेलं. कंपनीला पत्र लिहिलं नाही ते बरं केलं.

मग त्यांनी मला पलंगावर झोपवलं आणि म्हणाले की डोळे मिटा, मी तळव्याला बारीक तार लावतो, जिथं लागेल तिथं हो म्हणा. मी डोळे मिटून पडलो. बराच वेळ गेला. मी म्हटलं, करा ना सुरू. ते म्हणाले, "झालं माझं. दोन्ही पाय झाले."

डाव्या टाचेत काच होती. किती दिवसांची ते मला सांगता आलं नाही. सुभद्रा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभी होती. तिनं ती जखम पाहिली आणि तोंड फिरवलं.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या-इन्शुलिननं साखर उतरेल, झोपही जाईल, डोळे सुधारतील. पायाचं सांगता येत नाही. मी विचारलं, गाडी? ते म्हणाले, ज्याला ब्रेक कुठं आहे ते पायानं कळत नाही त्यानं काय चालवावं ते तुम्हीच सांगा.

१९ जानेवारी

सुभद्राचा उजवा हात बंद म्हणून स्वयंपाक मी करतो. माझी पोळी नकाशासारखी होते, भात मात्र जमतो, पण आता तो मला वाटीभरच मिळतो. तो मोजायला ती डाव्या हातानं पुढे असते.

आज तिच्याशी बोललो. इतके दिवस बोललो नव्हतो. मी म्हटलं, तुले माहीत होतं काय?

ती म्हणाली, "साखर माहीत नव्हती. तुमी झोपता ते माहीत होतं. पोळ्याच्या दिवशी घास हातात धरून झोपले होते. मी घास काढून ताटात ठेवला."

मला वाटलं होतं मी तो खाल्ला.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर आयकलं असतं काय?"

यावर प्रामाणिकपणे नाही असं म्हणावं लागलं. चैतरामच्या पुंजण्याची भरपाई द्यायला या आठवड्यात जायचं आहे. त्या चार बायांना काय द्यायचं ते दोघांनाही सुचलं नाही. सुभद्रा म्हणाली, आधी जाऊन भेटू तर.

२३ जानेवारी

भेटून आलो. त्यातली सर्वात म्हातारी बाई मला ओळखत नव्हती. तिला वाटलं मी विम्याचा साहेब आहे. तिनं मला सगळी हकीकत सांगितली, ड्रायव्हर कसा आंधळ्यासारखा आला आणि त्याच्या बायकोनं कशी गाडी वळवली. मी ऐकून घेतलं. मग सांगितलं की तो मीच. ती म्हणाली, "बायकोले जप."

संध्याकाळी सेवकराम आला. ट्रक दुरुस्त होऊन आला आहे, विकायचा की ठेवायचा यावर बोलणं झालं. विकला तर मला निम्मेही येत नाहीत. घेताना आकाशाला लागलेले भाव विकताना कुठं जातात ते कळत नाही. ठेवायचा तर ड्रायव्हर लागेल. सेवकरामच्या ओळखीचा चंद्रकुमार म्हणून एक आहे, पस्तिशीचा, आधी अशीच गाडी चालवत होता, पुस्तक वाचतो. गाडीचं पुस्तक. मला तर त्या गाडीला पुस्तक आहे हेही माहीत नव्हतं.

निघताना मी सेवकरामला विचारलंच, तेव्हा मले नऊ आणि साकोलीवाल्याले सहा काऊन सांगितले? त्यानं सुभद्राकडे पाहिलं. ती प्लास्टर खाजवत होती.

"त्या आठवड्यात तेजी होती, भाऊजी."

मी मान डोलावली. धंद्यात तेजी-मंदी चालतेच. माणूस मनानं वाईट नाही.

३ फेब्रुवारी

चंद्रकुमारसोबत पहिली खेप. मी जायची गरज नव्हती, पण घरी बसवेना. डाव्या सीटवर बसलो. तो पट्टा लावतो, दिवे पाहतो, निळ्या झाकणात पंपावरचाच यूरिया टाकतो आणि गाडी लोण्यासारखी चालवतो. मी रस्ताभर माझा पाय जमिनीवर दाबत होतो. त्यानं ते पाहिलं असावं, कारण वळणाआधी तो दरवेळी मला सांगायचा, काका, आता ब्रेक मारून राहिलो.

मिलच्या गेटवर नवा चौकीदार होता, मला न ओळखणारा. त्यानं रजिस्टर उघडलं. गाडी नंबर लिहिला. ड्रायव्हर म्हणून चंद्रकुमारचं नाव लिहिलं. मग वाकून माझ्याकडे पाहिलं, डाव्या बाजूला बसलेला, गळ्यात दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. नाव विचारलं. मी सांगितलं, उमराव कापगते. त्यानं न विचारताच पुढच्या रकान्यात लिहिलं: क्लीनर.

चंद्रकुमार बोलायला तोंड उघडत होता. मी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

चौकीदारानं वय विचारलं. मी म्हटलं, छप्पन्न. तो लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "इस उमर में काका? घर में कोई नहीं क्या?"

मी म्हटलं, "आहे," आणि सही करायला रजिस्टर जवळ ओढलं.